कोंडूमामा मुराळी आणि दिल्लीतली पाडापाडी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून कोंडूमामांना भाचरं किती, हे कोणी मोजायला बसलं तर त्याची दिवाळी तिथेच जाईल. सख्खी बहीण म्हणाल तर एकच, हौसा. पण मुरबाडच्या स्टँडवर उतरावं तर भेळेच्या गाडीवरचा ‘मामा’ म्हणून हाक मारतो. सरळगावला जीप थांबली तर पंक्चरवाला ‘मामा’ म्हणतो. एकदा तर लायसन तपासणाऱ्या हवालदाराने मोटारसायकलवर मागे बसलेल्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं आणि तोही म्हणाला, “अरे, मामा तुमी? जावा, जावा.” मोटारसायकल मामांच्या मुलाची, शेखरची. त्या दिवसापासून शेखर लायसन घरी ठेवतो आणि मामांना बरोबर घेतो.

ही सगळी मामांची कमाई. लग्न झालेली लेक सणाला माहेरी यायची ती आपली आपण नाही, अशी आपल्याकडची जुनी रीत. माहेरच्या माणसाने तिला न्यायला जायचं. याला मूळ जाणं म्हणायचं आणि जो जाईल तो मुराळी. हा मान भावाचा. पण भाऊ मुंबईला गिरणीत, पुढे आसनगावहून लोकल धरून कंपनीत. त्याला पंचमीला रजा नाही, दिवाळीला असली तरी शिफ्ट बदलून मिळत नाही. मग त्याची आई तिन्हीसांजेला मामांच्या अंगणात यायची. “कोंडू, माझ्या पोरीला तेवढी घेऊन ये रे.” कोंडू सकाळी निघालेला असायचा.

पहिल्यांदा ते मूळ गेले ते शेजारच्या जयरामच्या बहिणीला, बारकीला आणायला. तेव्हा मामांना मिसरूडसुद्धा नव्हतं. डोक्याला मोठ्या माणसाची टोपी, काखेत वडिलांची छत्री, आणि मनात धाकधूक, की सासरची माणसं म्हणतील, हे पोर काय मुराळी! पण कोणी काही म्हणायच्या आत बारकीच बोचकं घेऊन बाहेर आली होती. परतीच्या वाटेवर ती अशी सुटली की मुराळी राहिला पाठीमागे आणि लेक पोचली पुढे. तिच्या आईने घाबरून विचारलं, “गो, तुला न्यायला आलेला कुठाय?”

“येतोय पाठून. छत्री जड झाली त्याला.”

माहेरी येताना लेकी पुढे असत, सासरी परतताना मागे. मामा हे लवकर शिकले. पोचवायला जाताना ते मुद्दामच रेंगाळायचे. कधी बांधावर तंबाखू मळायला बसायचे, कधी पायात नसलेला काटा काढायचे. तेवढ्यात त्या पोरीला एकदा मागे वळून गाव बघून घेता यायचं. पोरगी डोळे पुसत असली की मामांना त्याच वेळेला झाडावरचं एखादं पाखरू फार महत्त्वाचं वाटायला लागायचं. अशा रीतीने मामांना पाखरांचीही बरीच माहिती झाली.

आता ते सगळं गेलं. लेकी फोन करतात, “लोकेशन पाठव,” म्हणतात, आणि जावयाच्या गाडीतून उतरतात तेव्हा आई अजून अंगण सारवत असते. याला मामांची तक्रार नव्हती. लेक आली म्हणजे झालं. पण दिवाळीच्या आधीचे दोन दिवस त्यांना घरात करमत नसे. छत्री काढायचे, पुसायचे, परत खुंटीला लावायचे. सरस्वतीमामी म्हणायच्या, “तिला तरी फिरवून आणा जरा.”

मूळ मागणारं घर आता एकच उरलं होतं, टोकावड्याच्या पुढचं. ते हौसाचं सासर. हौसाचे यजमान भगीरथराव रीतीला कडक. बाकीचं जग काय वाटेल ते करो, त्यांच्या घरची लक्ष्मी मुराळ्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. हौसाला नातवंडं झाली, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, तरी पाडव्याच्या दिवशी मामांनी जायचं आणि भाऊबिजेसाठी तिला घेऊन यायचं, हे कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते गेल्या वर्षी. आणि त्याला कारण झाली दिल्ली.

म्हणजे झालं असं, की भगीरथराव आणि मामांचा शेखर, दोघे एकाच पक्षाचे. मामा-भाच्याचं जमणार नाही इतकं त्या आत्याच्या नवऱ्याचं आणि शेखरचं जमायचं. एका जीपमधून सभेला जायचे, एका ढाब्यावर जेवायचे. मग एके सकाळी वरती काहीतरी बिनसलं आणि पक्ष मधोमध फुटला, दुधात लिंबू पिळावं तसा. शेखर इकडे राहिला, भगीरथराव तिकडे. दोघांनाही फुटण्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं. पण शेखरच्या मुलीच्या, नम्रताच्या साखरपुड्याला मांडवात तो विषय निघाला. एक म्हणाला गद्दार, दुसरा म्हणाला लाचार. नम्रताची होणारी सासू पेढ्याचा तुकडा हातात धरून बघत राहिली. भगीरथरावांनी पंक्तीतून उठून सांगितलं, “या घराशी आमचा संबंध संपला. यापुढं मूळ पाठवू नका.”

त्या भाऊबिजेला कोंडूमामांपुढे पाट मांडला होता. ओवाळायला नम्रता बसली, आजोबांची हौस म्हणून. मामा हसले, ओवाळून घेतलं आणि जेवताना म्हणाले, आज भात जरा कडक झालाय, गिळत नाय.  भात मऊ होता.

यंदा दिवाळीच्या तोंडावर हौसाचा फोन आला. पोरांची चौकशी झाली, गुरांची झाली. मग ती म्हणाली, “दादा, ह्या वर्षी मला जीपची पायरी चढवते. पुढच्या वर्षाचं नाय सांगत.” एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

मामांनी छत्री काढली.

पाडव्याच्या सकाळी घरात टीव्हीवर दिल्ली पेटलेली होती. सरकारचा टेकू कोणीतरी काढला होता, कोणीतरी लावत होतं. आठ चौकटींत आठ तोंडं एकाच वेळी बोलत होती. शेखर दात घासता घासता तसाच खिळून बसला होता.

“बाबा, आज कुठं निघालाव? आज सरकार पडतंय!”

“पडू दे. मी टोकावड्याला जाऊन येतो.”

शेखरने तोंडातला फेस गिळला. “हाकलतील तुमाला.”

“मुराळ्याला कोणी हाकलत नाय रे.”

मामा मुरबाडवरून जाणार ही बातमी मात्र दिल्लीच्या बातमीपेक्षा वेगाने आळीत फिरली. मामांजवळ वही नाही, फोनमध्ये काही लिहिता येत नाही. काम सांगितलं की ते उपरण्याला गाठ मारतात. मामींनी मिक्सरचं भांडं दिलं, पात्यातून पाणी गळतं म्हणून. एक गाठ. शेजारच्या चांगोचा चष्मा दुरुस्तीला होता, तो आणायचा. दुसरी गाठ. दिवाळी संपली की लागेल म्हणून सुकट. नम्रताला कसलीशी हिरवी टिकली. घराबाहेर पडेपर्यंत उपरणं असं झालं की त्याने तोंड पुसायचं म्हटलं तर खरचटावं.

मुरबाडला बाकीचं सगळं उरकलं. मिक्सरवाल्याने भांडं हातात घेतलं आणि मामांच्या पिशवीकडे बघून भुवया उंचावल्या.

“काय मामा, तुमी पण तिकडं?”

मामांनी पिशवी वर धरून पाहिली. हौसासाठी लुगडं आणि घरचे पोहे भरायला मामींनी घरातली सगळ्यात जाड पिशवी शोधली होती. तिच्यावर शेखरच्या गटाचे पुढारी हात जोडून, बत्तीशी दाखवून हसत होते. आणि ही पिशवी घेऊन ते भगीरथरावांच्या ओटीवर चढणार होते.

मामांनी पिशवी उलटी केली. तर छपाई अशी दणकट की पुढारी आतूनही हसत होते, फक्त डाव्याचे उजवे झाले होते. मिक्सरवाला पोट धरून हसला. “मामा, हे उलटे केले तरी तेच राहतात!” शेवटी त्याने दुकानामागून खताची एक रिकामी गोणी झटकून आणली. पिशवी गोणीत गेली. खताला पक्ष नसतो.

टोकावड्याच्या जीपमध्ये गर्दी होती, तरी जीप सुटत नव्हती. बसलेल्यांचं दिल्लीवरून जोरात चाललं होतं. कोण किती खासदार घेऊन गेला, कोण हॉटेलात आहे, कोणाचा फोन लागत नाही. एकाने ड्रायव्हरला विचारलं, “संदेश, तुला काय वाटतं, राहील का सरकार?”

“त्यांचं नाय ठाऊक,” संदेश म्हणाला. “मला मागं अजून दोन सीट पाहिजेत. मला रोज प्रत्येक खेपेला बहुमत करावं लागतं.”

दोन बायका टोपल्या घेऊन आल्या, बहुमत झालं, जीप सुटली. वाटेत सुकटीने आपलं अस्तित्व जाहीर केलं आणि शेजारच्या गृहस्थाने राजकारण सोडून सुकट कसली, जवळ्याची की करंदीची, हा विषय घेतला. तेवढा प्रवास बरा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून आडवं पडलं होतं. कुठे भारे बांधणं चाललं होतं, कुठे खळ्यावर झोडणी. याच रस्त्याने एके काळी मामा हौसाला नेत-आणत होते. तेव्हा रस्ता बैलगाडीचा होता, नि ती गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसायची आणि सगळ्या वाटेवर बडबडायची. परतताना मात्र पाय वर घेऊन बसायची.

हौसाच्या सुनेने, मीनाने, मामांना पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली आलं. “आय, मामा आले!” आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. हौसा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने मामांकडे पाहिलं नाही, पण तांब्या इतका भरलेला होता की निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

भगीरथराव ओटीवर टीव्हीसमोर बसले होते. रिमोट बंडीच्या खिशात, म्हणजे कोणी दुसरं चॅनल लावू नये. “या,” ते म्हणाले. म्हणणं भाग होतं. आल्या मुराळ्याला ‘या’ न म्हणणारं घर त्या खोऱ्यात नाही.

आता इथे रीत अशी, की मुराळ्याने आपण होऊन विषय काढायचा नाही. त्याने बसायचं, पाणी प्यायचं, पिकापाण्याचं बोलायचं. मग घरच्या मोठ्याने विचारायचं, “काय येणं केलंत?” तेव्हा मुराळ्याने म्हणायचं, “मूळ घेऊन आलोय.” एकदा हे बोललं गेलं की मुराळ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे घरादाराची लाज. मामांनी जन्मभर ही रीत पाळली होती आणि भगीरथराव तर रीतीचे राखणदार. त्यांनी काय केलं? त्यांनी विचारलंच नाही.

“भात कसं हाय तुमच्याकडं?”

“बरं हाय.”

“पाऊस?”

“झाला तसा.”

“हूं,” म्हणून भगीरथराव टीव्हीकडे वळले.

चहा आला. चहा प्यायला. टीव्हीवरचा माणूस ओरडला, “मोठी बातमी!” आणि कोणीतरी गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसलेलं दाखवलं. ते सात वेळा दाखवलं. मामा मनात म्हणाले, एवढा वेळ मला जीपमध्ये चढायला पण लागत नाय.

“बैल हायेत का अजून?” भगीरथराव.

“विकले. पॉवर टिलर घेतला शेखरने.” शेखरचं नाव निघालं तसा भगीरथरावांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

दुसरा चहा आला. उन्हं अंगणातून कुंपणावर गेली. मुरबाडहून शहापूरला जाणारी शेवटची एसटी मामांच्या डोळ्यांसमोर स्टँडला लागून, घंटी देऊन, सुटून गेली. आत हौसा भांडी घासत होती. तीच भांडी परत घासत होती, हे आवाजावरून कळत होतं.

मीनाने खताची गोणी आत नेण्यासाठी उचलली. “यात काय, मामा?”

“ठेव, ठेव ती,” मामा घाईने उठले, पण तोवर गोणी कलली होती, पिशवी ओटीवर आली होती, आणि पुढारी हात जोडून भगीरथरावांच्या पायाशी हसत पडले होते. उलटे.

भगीरथरावांनी टीव्ही बंद केला. घरात एवढी शांतता त्या महिन्यात पहिल्यांदाच झाली असावी.

“अस्सं,” ते म्हणाले. “प्रचाराला आलाव तर.”

“नाय हो. तिला जाड दिसली. पोहे हायेत.”

“माझ्या घरात हे तोंड! आज! आजच्या दिवशी!”

मीना खाली वाकली, पिशवी उचलली आणि निरखून म्हणाली, “बाबा, आपल्या माळ्यावर पण हेच हायेत की. गठ्ठा हाय सगळा. दोन वर्षांपूर्वी तुमीच वाटत होतात ना दारोदारी? कांदे त्यातच टांगलेत मी.”

भगीरथरावांनी सुनेकडे पाहिलं. सून कांद्यांकडे निघून गेली. ते पुढे काय बोलणार होते ते कोणालाच कळलं नाही. कारण आतून हौसा बाहेर आली. हात ओले, पदर खोचलेला. ती भगीरथरावांच्या पुढे येऊन उभी राहिली, पण बोलली मामांशी.

“दादा, काय येणं केलंस?”

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग भगीरथरावांकडे.  म्हणाले, “मूळ घेऊन आलोय.”

“असं नाय चालत,” भगीरथराव उठले. “विचारायचं घरच्या मोठ्यानं. रीत हाय.”

“मोठ्यानं मघापासून विचारलं नाय,” हौसा म्हणाली. “मोठा दिल्लीला होता.”

“हौसे!”

“बोलू द्या मला आज. तुमची आय अंथरुणावर होती तवा तिला उचलायला दिल्लीवरून आलं का कोणी? यंदा लावणीला मजूर मिळालं नाय तवा गुडघाभर चिखलात कोण व्हतं? तुमी मोबाईलवर सभा ऐकत बांधावर उभे व्हता. मला त्या पक्षाचं काय नाय. तुमचा हा का तो, मला आता ओळखूपण येत नाय. मला भाऊ एक हाय. दोन वेळा झाल्या, मी त्याला ओवाळलं नाय, आणि...” आणि इतका वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज एकदम गेला.  मामांना अंगणातल्या शेवग्यावर एक पाखरू दिसलं. त्यांनी त्याच्याकडे पाहायचं ठरवलं होतं, पण त्यांना नीट दिसेना.

दोन वेळा नव्हे, गेल्या वर्षीची एकच वेळ चुकली होती. भगीरथरावांच्या लक्षात आलं असणार, कारण हिशेबात चूक काढायला ते फार तत्पर. पण ही चूक त्यांनी काढली नाही.  मग आत गेले. मामांना वाटलं, संपलं.

भगीरथराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात हौसाची शाल होती, गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांचा डबा होता. ते सगळं त्यांनी मामांच्या हातात कोंबलं.

“सकाळची गोळी खाल्ल्यावर. उपाशीपोटी दिलीत तर पित्त होतं तिला. आणि तेल कोमट करून लावायचं. तुमच्याकडचे ते,” म्हणजे शेखर, “बातम्या मोठ्यानं लावतात. हिला झोप लागत नाय त्यात.”

“लावणार नाय,” मामा म्हणाले.

“आणि मी येत नाय. सांगून ठेवतो.”

“तुमाला कोण बोलवतंय,” हौसा पदराने डोळे पुसत म्हणाली आणि आत पळाली. गुडघ्यांच्या मानाने फारच जोरात पळाली.

रस्त्यावर जीप मिळेना. पाडव्याची संध्याकाळ, ड्रायव्हरसुद्धा घरी ओवाळून घेत होते. तिघे ढाब्यासमोर उभे राहिले, कारण ‘रस्त्यापर्यंत सोडतो’ म्हणून आलेले भगीरथराव परत जायचं नाव घेईनात. ढाब्यातल्या टीव्हीसमोर गर्दी होती, आरडाओरड होती. काहीतरी झालं होतं दिल्लीत. भगीरथरावांची मान दोनदा तिकडे वळली. तिसऱ्यांदा वळणार तोच घाटाकडून एसटीचे दिवे दिसले. थांबा पुढे होता, गाडी वेगात होती. भगीरथराव दोन्ही हात पसरून सरळ रस्त्याच्या मधे जाऊन उभे राहिले. एसटी करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून त्यांच्या आई-बापाची आठवण काढली.

“माझी बायको माहेरी चाललीय,” भगीरथराव तितक्याच आवाजात म्हणाले. “दार उघड!”

कंडक्टरने दार उघडलं. हौसाने पायरीवर पाय ठेवला, एक हात मामांनी धरला, दुसरा भगीरथरावांनी. ती चढली. कंडक्टर ओळखीचा निघाला. सरळगावला फोन करतो म्हणाला, शहापूरच्या शेवटच्या गाडीला जरा थांबवतो म्हणाला. तोही कोणाचा तरी भाचा होता.

गाडी सुटली. हौसा खिडकीशी बसली, मामा शेजारी, मांडीवर गोळ्या, तेल, मिक्सरचं भांडं आणि सुकट.  पुढच्या सीटवरचा एक जण मोबाईल कानाशी धरून दिल्लीचं ऐकत होता. त्याने मागे वळून सांगायला तोंड उघडलं, पण हौसा आधी बोलली.

“दादा, भात कसं झालंय? खरं सांग.”

“चांगलं झालंय यंदा. ओढ्याकाठच्या खाचराची तर लोंबी अशी भरलीय की आडवं पडलं सगळं.”

“आणि वर माळावरच्या वरकसाचं?”

“तिथं नाचणी लावलीय. शेखरने हट्ट केला. आलीय तशी.”

“विहिरीकडचं?”

“झोडून झालं. परवाच.”

हौसाने डोळे मिटले. तिला एकेक खाचर दिसत असावं, कारण बोट मांडीवर हलत होतं, बांध ओलांडत असल्यासारखं. “आणि चिंचेखालचं? आपण पाखरं हाकायला बसायचो ते?”

 चिंचेखालचं खाचर रस्त्यात गेलं होतं, चिंचेसकट. त्यावरून आता ट्रक जात होते. हौसा गेल्या वर्षी आली असती तर तिला ते समजलं असतं. फोनवर मामांनी सांगितलं नव्हतं.

“हौसे, ते...”

“ठाऊक हाय मला,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मीनाने दाखवलं मोबाईलवर, वरून काढलेलं. तरी तू सांग.”

बाहेर अंधार पडला होता. मोबाईलवाल्याने आवाज कमी केला आणि कान मागे लावला. कोंडूमामांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं, घसा साफ केला, आणि चिंचेखालच्या खाचराला यंदा कसं भात आलंय ते सांगायला सुरुवात केली. पाऊस वेळेवर झाला, पाखरांनी थोडं खाल्लं, पण दाणा असा टपोरा, की हातावर घेतला तर हातात मावेना.